कुत्र्याच्या गुडघ्याचं लिगामेंट आणि ऑपरेशन: या चुका टाळा

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून उतरताना सहा-सात वर्षांचा लॅब्राडोर मागचा एक पाय उचलून धरतो. घरी चार-पाच दिवस आराम होतो, पाय पुन्हा टेकायला लागतो आणि सगळे म्हणतात, "मुरगळला होता, झाला बरा." सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाय टेकला म्हणजे दुखणं कमी झालं, एवढाच त्याचा अर्थ. गुडघा बरा झाला असं त्यावरून ठरत नाही, ऑपरेशनच्या आधीही नाही आणि नंतरही नाही.

कुत्र्याचं क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा बंध, खेळाडूंसारखं एका झटक्यात क्वचितच तुटतं. बहुतेकदा ते महिनोन् महिने झिजत, तंतू-तंतूने तुटत जातं. नडगीच्या हाडाचा वरचा भाग मागच्या बाजूला उतरता असतो, साधारण २२ ते २५ अंश. उतारावर उभ्या केलेल्या गाडीचा हँडब्रेक म्हणजे हे लिगामेंट. ते गेलं की प्रत्येक पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं आणि नडगी पुढे सरकते. सूज ओसरली तरी हे सरकणं चालूच राहतं, आणि त्यात आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, चिरडली जाते.

घरी दोन गोष्टी बघता येतात. कुत्रा बसताना गुडघा पूर्ण दुमडतो की तो पाय बाजूला पसरून बसतो? आणि तो उभा असताना मागून दोन्ही मांड्या एकाच वेळी हातात धरा. एक बाजू बारीक आणि मऊ लागली, तर तो पाय कित्येक आठवडे चोरला जातोय.

"एक्स-रे नॉर्मल आहे"

एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही. दिसतो तो परिणाम: सांध्यात पाणी भरल्याने वाटीखालच्या चरबीची काळसर सावली पुढे ढकलली जाते, आणि पुढे हाडांच्या कडांना काटे येतात. निदान हातांनी होतं. ड्रॉवर टेस्टमध्ये एका हाताची तर्जनी वाटीवर आणि अंगठा मांडीच्या हाडाच्या मागे, दुसऱ्या हाताची तर्जनी नडगीच्या पुढच्या उंचवट्यावर आणि अंगठा फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्यामागे ठेवून नडगी पुढे ढकलून बघतात. तीस-पस्तीस किलोचा घाबरलेला कुत्रा मांडी इतकी ताठ करतो की पूर्ण तुटलेलं लिगामेंटही शाबूत वाटतं, म्हणून ही तपासणी गुंगी देऊन करावी. अर्धवट तुटलेलं असेल तर पाय सरळ असताना सांधा घट्ट लागतो आणि दुमडल्यावरच सरकतो. एकाच स्थितीत तपासून "ठीक आहे" म्हणणं धोक्याचं.

आपल्याकडे आणखी एक सापळा आहे, गोचीडतापाचा. त्यानेही सांधे सुजतात, कुत्रा लंगडतो, कधी आज हा पाय तर उद्या तो. शिवाय प्लेटलेट घसरतात. त्या कमी असताना चीर दिली तर रक्तस्राव आवरत नाही. पुण्यात तरी गुडघ्याचं कोणतंही ऑपरेशन रक्ततपासणी आणि प्लेटलेट मोजल्याशिवाय करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

घरातली गोळी

आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक कुत्र्याला देऊ नका. पोटात अल्सर होतो, मूत्रपिंड जातं. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते. मेलॉक्सिकॅम कुत्र्यांना देतात, पण पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि नंतर ०.१. म्हणजे १० किलोच्या पगला रोज १ मिलिग्रॅम. माणसांची गोळी साडेसात मिलिग्रॅमची असते. आणि स्टिरॉइड चालू असताना ही औषधं जोडीने कधीच देऊ नयेत.

ऑपरेशन टेबलावर काय चुकतं

१५ किलोंच्या आतला कुत्रा किंवा मांजर वजन कमी करून आणि आराम देऊन सावरू शकतं. त्याहून जड कुत्र्याला प्लास्टर घालून किंवा ऑनलाइन मागवलेला नी-ब्रेस बांधून महिने घालवू नयेत.

सांधा बाहेरून जाड नायलॉनच्या दोऱ्याने बांधून ठेवायच्या पद्धतीत दोरा मांडीच्या हाडामागच्या फॅबेला या छोट्या हाडाभोवतीच जायला हवा. तो नुसता स्नायूत अडकला तर काही दिवसांत सैल पडतो. जास्त आवळला तर नडगी बाहेर वळते आणि सांध्याची बाहेरची बाजू दाबली जाते. विणलेल्या दोऱ्याच्या पिळात जंतू लपतात, म्हणून एकसंध नायलॉन बरा.

टीपीएलओ या दुसऱ्या ऑपरेशनात नडगीचं हाड गोल करवतीने कापून उतार सुमारे ५ अंशांवर आणतात आणि प्लेट लावतात. काप फार पुढे गेला तर वाटीचा स्नायूबंध जिथे जोडलेला असतो तो उंचवटा पातळ राहतो आणि पुढे मोडतो. पातं फिरताना सलाइनची धार थांबली तर हाड तापून मरतं आणि जुळायला वेळ लावतं. भूल उतरण्याआधी एक्स-रे काढून नवा कोन मोजायलाच हवा, आणि तो आकडा डिस्चार्जच्या कागदावर मागून घ्या.

त्याच कागदावर दुसरी ओळ मागा: मेनिस्कस तपासला का, काय आढळलं? लिगामेंट तुटलेल्या जवळपास निम्म्या कुत्र्यांत आतल्या बाजूच्या गादीचा मागचा भाग फाटलेला असतो. नुसतं डोळ्यांनी पाहून तो सुटतो. बारीक आकडीने उचलून बघावा लागतो. फाटलेला तुकडा आत राहिला तर प्लेट कितीही नीट बसली तरी लंगडणं जात नाही.

आठ आठवडे

इथे पुन्हा तीच फसगत होते. टीपीएलओनंतर कित्येक कुत्रे आठवड्याभरात पाय टेकतात. हाड मात्र तेव्हा फक्त स्क्रूंच्या आधारावर असतं. दाराची बेल वाजते, कुत्रा सोफ्यावरून उडी मारतो आणि प्लेट वाकते.

पहिले दोन आठवडे पट्ट्यावर पाच-पाच मिनिटं, फक्त शू-शीपुरतं. टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, जखम चाटू न देणारी गळ्यातली शंकूसारखी कॉलर काढायची नाही. रात्रीसुद्धा नाही, चाटायला तेवढाच वेळ पुरतो. मग आठवड्याला पाच मिनिटं वाढवत जा. लिफ्ट नसलेल्या सोसायटीत पोटाखालून टॉवेल घेऊन मागचा भाग उचलून धरा. जुन्या घरांतली शहाबादी फरशी पायाला पकड देते. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर मात्र सतरंज्या अंथरा आणि पंजांमधले केस कापा. पावसाळ्यात जखमेवर ओली पट्टी तासभरही ठेवू नका.

आठव्या आठवड्याला एक्स-रे. हाड जुळलेलं दिसल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही, टेकडी तर नाहीच. बिनकामाच्या या दिवसांत खाणं कमी करा; पोळीचे तुकडे आणि दहीभात इथेच नडतात, आणि वाढलेला प्रत्येक किलो दुसऱ्या गुडघ्यावरही पडतो. त्याही लिगामेंटची झीज बऱ्याचदा सुरू झालेली असते.

दोन आठवडे होऊनही पाय अजिबात टेकत नसेल किंवा टाक्यांतून पू येत असेल तर वाट पाहू नका. आणि छान चालणारा कुत्रा दोन-चार महिन्यांनी अचानक लंगडायला लागला, गुडघा दुमडताना टक् असा आवाज आला, तर आधी मेनिस्कसचा संशय घ्या. प्लेटचा एक्स-रे स्वच्छ असला तरी सांध्यातलं पाणी तपासायला सांगा. प्लेटवर बसलेला जंतुसंसर्ग कधी कधी इतक्या उशिरा डोकं वर काढतो.