नवीन सोशल मीडिया ॲपवर गेलात? पहिल्या आठवड्यात हे बघा

नवीन प्लॅटफॉर्म आला की पहिल्या दोन दिवसांत दोनच प्रकारचं बोलणं ऐकू येतं, एक म्हणजे "भारी आहे, सगळे इकडेच या" आणि दुसरं "काहीच नाहीये इथे, ओसाड आहे". दोन्ही घाईत ठरवलेलं असतं, कारण पहिल्या दिवशी दिसतं ते फक्त कोण आलंय आणि कोण नाही एवढंच, ॲप चांगलं की वाईट ते त्यावरून कळत नाही. इन्स्टाग्रामवाल्या मेटा कंपनीचं थ्रेड्स हे ॲप 5 जुलै 2023 ला आलं तेव्हा पाच दिवसांत 10 कोटी लोकांनी अकाउंट उघडलं होतं, इन्स्टाग्रामचं लॉगिन असलं की झटक्यात आत जाता येत होतं ना, पण पुढच्या काही आठवड्यांतच रोज येणाऱ्यांचा आकडा बराच खाली आला. म्हणून आठवडाभर नुसतं मत बनवत बसू नका, तपासत बसा. मी कुठलंही नवीन ॲप घेतलं की काय करते ते सांगते.

सगळ्यात आधी नाव घ्या. वापराल न वापराल ते पुढे बघू, पण जे हँडल, म्हणजे @ पुढचं नाव, इतर ठिकाणी वापरता तेच इथे पकडून ठेवा, नाहीतर दुसरं कोणीतरी ते घेऊन बसतं आणि मग ओळखीचे लोक त्यालाच तुम्ही समजतात. पासवर्ड मात्र नवा, जुनाच परत वापरायचा नाही, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागतात ते) असेल तर लगेच चालू.

आता कॉन्टॅक्ट्स. इथे जरा थांबते कारण इथेच बहुतेकांची चूक होते, माझीही झालीये. एका नवीन ॲपवर साइन-अप करताना "मित्र शोधा" असा छान रंगीत स्क्रीन आला, मी "अलाऊ" दाबलं आणि पुढे गेले, अर्ध्या तासात अशा माणसाचा मेसेज आला ज्याच्याशी मी ठरवून दोन वर्षं बोलत नव्हते, कारण माझा नंबर त्याच्याकडे होता आणि ॲपने त्याला परस्पर कळवलं की मी आलेय. तो मेसेज बघून पोटात गोळा आला होता. तेव्हापासून त्या स्क्रीनवर मी आधी खाली बारीक अक्षरात "स्किप" किंवा "नंतर" कुठे लिहिलंय ते शोधते, बहुतेक वेळा असतंच. आयफोनवर आयओएस 18 पासून सगळी यादी न देता मोजकेच कॉन्टॅक्ट निवडून देता येतात, तेही बरं. पण तुम्ही यादी दिली नाही म्हणून सुटलात असं नाही, समोरच्याने त्याची यादी दिली की तुमचा नंबर त्यातून जातोच, त्यामुळे प्रायव्हसी सेटिंगमध्ये "फोन नंबरवरून मला शोधता यावं" आणि "ईमेलवरून शोधता यावं" असे दोन पर्याय असतील तर ते पहिल्याच दिवशी बंद करा. त्याच पानावर तुमच्या पोस्ट एआय शिकवायला वापरू का असाही पर्याय हल्ली काही ठिकाणी असतो, चालूच ठेवलेला असतो, तोही बघून घ्या.

मग, एकही पोस्ट टाकायच्या आधी, बाहेर पडायचा रस्ता बघा. अकाउंट डिलीट करायचं बटण कुठे आहे, आपला डेटा डाउनलोड होतो का, या दोनच गोष्टी. थ्रेड्सवर सुरुवातीला प्रोफाइल पूर्ण डिलीट करायचं तर इन्स्टाग्रामचं अकाउंटही जायचं, वेगळा पर्याय नोव्हेंबर 2023 मध्ये आला, आणि तोपर्यंत कित्येकांना हे माहीतही नव्हतं. आणि प्लॅटफॉर्म बंदही पडतात, मोठ्यांचे सुद्धा. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला गेलं, गुगल प्लस 2 एप्रिल 2019 ला सर्वसामान्य लोकांसाठी बंद झालं, आपलं भारतीय कू 2024 च्या जुलैत. मॅस्टोडॉन हे नेटवर्क वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरवर पसरलेलं आहे, तिथे एका सर्व्हरवरून दुसरीकडे जाता येतं आणि फॉलोअर सोबत येतात, पण जुन्या पोस्ट येत नाहीत, हे जायच्या आधी माहीत असलं तर वेगळं आणि गेल्यावर कळलं तर वेगळं.

फीड रिकामं दिसतंय म्हणून घाबरू नका, ते हाताने भरावं लागतं. ज्यांचं वाचायला खरंच आवडतं अशी वीस-तीस माणसं शोधून फॉलो करा, ॲप सुचवतं ती सरसकट नाही, आणि "फॉर यू" (ॲप स्वतः निवडून दाखवतं ते) सोडून "फॉलोइंग" (तुम्ही फॉलो केलेल्यांचंच) वर जा, चार दिवस तिथेच राहा. "फॉर यू" वर सुरुवातीला सगळ्यांना साधारण तेच दाखवतात, ज्यावर आरडाओरडा जास्त ते वर, त्यावरून ठरवलं तर प्रत्येक ॲप भांडखोरच वाटेल.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक चाचणी नक्की करा. हॅशटॅग लावून "पुस्तक" लिहा आणि पोस्ट केल्यावर बघा, पूर्ण शब्द निळा झाला का नुसता "प"? काही ॲपमध्ये मात्रा, उकार अक्षर म्हणून धरलेच जात नाहीत, मग हॅशटॅग पहिल्याच उकाराशी तुटतो आणि तुमचं लिहिलेलं कोणाला सापडत नाही. सर्चमध्येही एक जोडाक्षराचा शब्द टाकून बघा. तुटत असेल तर फीडबॅकमध्ये स्क्रीनशॉटसकट कळवा, नवीन टीम असते तोवर असलं काही दुरुस्त व्हायची शक्यता जास्त, आपणच सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं.

ब्लॉकची चाचणी एखाद्या मैत्रिणीला सोबत घेऊन करा. तिने तुम्हाला ब्लॉक करायचं, मग तुम्हाला तिचं काय दिसतं, लॉगआउट केल्यावर काय दिसतं, जुन्या रिप्लायचं काय होतं, पाच मिनिटांचं काम आहे. ब्लूस्काय या ॲपवर कोणी कोणाला ब्लॉक केलंय हा डेटा सार्वजनिक असतो, बऱ्याच जणांना हे कळतं तेव्हा धक्का बसतो. आणि मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे तुम्ही आणि समोरचा सोडून कंपनीलाही वाचता येत नाहीत, असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते नाहीत असंच धरून बोला.

एवढं झालं की मग लिहायला लागा, जुन्या ठिकाणच्या पोस्ट तशाच न चिकटवता इथलं वाचून, लोकांना रिप्लाय देत. कॅलेंडरमध्ये महिन्याने एक तारीख टाकून ठेवा आणि त्या दिवशी फॉलोअर न मोजता मोजा की किती जणांशी खरं बोलणं झालं. चार-पाच जण असतील तर राहा. नसतील तर आधी डेटा उतरवून घ्या, दिलेले कॉन्टॅक्ट सेटिंगमध्ये जाऊन काढा, मग अकाउंट डिलीट करा आणि सगळ्यात शेवटी ॲप. फोनवरून ॲप काढलं तरी अकाउंट तिकडे तसंच राहतं, आणि बऱ्याच ठिकाणी डिलीट केल्यावर महिनाभर थांबतात, तेवढ्यात चुकून लॉगिन केलं की ते परत चालू होतं.