ऑल-इन-वन प्रिंटर घेताय? आधी या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यात जा नाहीतर वाशीला सेक्टर १७ मध्ये, ऑल-इन-वन, म्हणजे प्रिंट, स्कॅन आणि कॉपी एकाच मशीनमध्ये करणारा प्रिंटर मागितला की दुकानदार आधी विचारतो, "बजेट किती?" घरून जीएसटी रिटर्न भरणारे, सोसायट्यांचे हिशेब बघणारे, क्लास चालवणारे, सगळे तिथेच फसतात. "कॉम्प्युटर कुठला, आणि कागद कसले?" हे आधी ठरलं की बजेटचं गणित आपोआप सुटतं.

वायर बसली म्हणजे प्रिंटर चालला असं समजणं

यूएसबीची वायर जवळपास सगळीकडे बसते, पण कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यात दुभाष्याचं काम ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर करतं. तो तुमच्या सिस्टिमसाठी (विंडोज, मॅक, लिनक्स) नसेल तर नवंकोरं मशीन टेबलावर नुसतं बसून राहतं. विंडोज ११ ही फक्त ६४-बिट आहे, त्यामुळे ज्या जुन्या मॉडेलला ३२-बिट ड्रायव्हरच निघाला ते तिथे चालत नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांवरही विंडोज ११ च असते, पण इंटेलसाठी लिहिलेला प्रिंटर ड्रायव्हर त्यांना चालत नाही. त्यांना त्याच जातीच्या प्रोसेसरचा, म्हणजे एआरएम६४ चा ड्रायव्हर लागतो, नाहीतर विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या आयपीपी (सगळ्या कंपन्यांना सामाईक) ड्रायव्हरवर चालणारा प्रिंटर. मॅक असेल तर एअरप्रिंट, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापायची ॲपलची सोय, आहे का ते बघा. लिनक्सवाल्यांनाही एअरप्रिंट किंवा तशीच सोय देणारं आयपीपी एव्हरीव्हेअर असलेलं मॉडेल सोयीचं पडतं.

दुकानदाराच्या "चालतंय हो सगळ्याला" वर जाऊ नका. दुकानातच मोबाइलवर कंपनीचं सपोर्ट पेज उघडा, मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरांसकट टाका आणि तुमच्या सिस्टिमचं नाव यादीत आहे का ते वाचा. ती शेवटची अक्षरं महत्त्वाची असतात. एकाच आकड्याच्या दोन मॉडेलांपैकी एकात वायफाय असतं, दुसऱ्यात नसतं.

"प्रिंट येते, स्कॅन होत नाही" ही तक्रारही बहुतेक वेळा इथलीच. वायर लावल्यावर विंडोज स्वतःहून साधा ड्रायव्हर टाकते आणि त्यात अनेकदा स्कॅनरचा भाग नसतो. कंपनीच्या साइटवरून पूर्ण पॅकेज उतरवून टाका, मशीन दुकानात न्यायची गरज पडत नाही.

लीगल कागद विसरणं

आपल्याकडे घराचे करारनामे आणि सोसायटीची जुनी कागदपत्रं बऱ्याचदा लीगल आकाराची असतात, म्हणजे २१६ बाय ३५६ मिलिमीटर. घरगुती ऑल-इन-वनची काच साधारण ए-फोर पुरतीच असते, म्हणजे २९७ मिलिमीटर लांब. मग कराराच्या प्रत्येक पानाचा खालचा जवळपास सहा सेंटिमीटरचा भाग कापला जातो, आणि सह्या नेमक्या तिथेच असतात. असं काम वारंवार असेल तर वर फीडर (पानं एकेक करून आपोआप आत ओढणारा ट्रे) असलेलं मॉडेल घ्या आणि त्यातून लीगल जातो का हे विचारून घ्या.

खोक्यावर "ऑटो डुप्लेक्स" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बहुतेक मॉडेलांत पाठपोट प्रिंट एवढाच असतो. पाठपोट स्कॅन ही वेगळी सोय आहे आणि ती महागड्या मशीनांत सापडते. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर घेणारं आयडी कॉपीचं बटण मात्र बऱ्याच स्वस्त मॉडेलांतही असतं, आणि घरच्या ऑफिसात तेच सगळ्यात जास्त दाबलं जातं.

सरकारी पोर्टल फाइल मोठी आहे म्हणून नाकारत असेल तर प्रिंटरला दोष देऊ नका. स्कॅन करताना ६०० डीपीआय (स्कॅनची बारकाई) रंगीतऐवजी १५० किंवा २०० डीपीआय ग्रेस्केल, म्हणजे काळ्या-करड्या छटा, निवडा, मजकूर तरीही नीट वाचता येतो.

मशीन स्वस्त, शाई महाग

हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी हिशेब कोणी करत नाही. कार्ट्रिजची किंमत भागिले त्यावर लिहिलेली पानं, बस्स, निघाला एका पानाचा खर्च. मशीनसोबत येणारं कार्ट्रिज किंवा टोनर अनेकदा अर्धंमुर्धंच भरलेलं असतं, त्यावरून अंदाज बांधू नका. माझं मत विचाराल तर काम फक्त काळ्या मजकुराचं आणि अधूनमधून असेल तर मोनो लेझर (फक्त काळं छापणारा, टोनरवर चालणारा), रोज रंगीत लागत असेल तर इंक टँक (बाटलीतून शाई भरायचा इंकजेट). टोनर पावडर आहे, महिनाभर पडून राहिली तरी वाळत नाही. फक्त लेझर छोट्या यूपीएसवर लावू नका. फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर पक्का करणारा गरम भाग, तापताना तो एवढा करंट ओढतो की यूपीएस किंचाळायला लागतो.

पावसाळा आणि भिंतीवरचं बटण

जूनपासून इथली हवा अशी दमट होते की उघडं ठेवलेलं रीम सादळतं. मग दोन-दोन कागद एकदम ओढले जातात, कडा वळतात, कागद अडकतो. ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं ठेवा, बाकीचं रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात. कागद अडकलाच तर प्रिंटर बंद करून मागचं झाकण उघडा आणि शक्यतो कागदाच्या चालीच्या दिशेनेच दोन्ही हातांनी हळू ओढा. फाटलेला कपटा आत राहिला तर पुढचं प्रत्येक पान तिथेच अडकतं.

वीज वाचवायला रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची आपल्याला सवय. इंकजेटला ती भोवते. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड (शाई सोडणारा भाग) कोपऱ्यात जाऊन झाकणाखाली बसतं. मध्येच वीज तोडली तर ते उघडं राहू शकतं आणि शाई तोंडाशी वाळते. मग रेघा येतात, आपण हेड क्लीनिंग करत बसतो, आणि प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई वाया जाऊन आतल्या पॅडमध्ये जमा होते. आधी प्रिंटरचं बटण, मग भिंतीचं. आठवड्याला एखादं रंगीत पान काढलं की बरंचसं निभावतं.

"प्रिंटर ऑफलाइन"

बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात. राउटरवर तो बँड (वायफायचा पट्टा) बंद असेल तर प्रिंटरला नेटवर्क दिसतच नाही. लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल तरी दोघांची गाठ पडत नाही. काल चालत होता आणि आज ऑफलाइन, असं असेल तर राउटरने प्रिंटरला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) दिलेला असण्याची शक्यता मोठी. राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवा. विंडोजमध्ये "डीफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा" हा पर्यायही बंद करा, नाहीतर टॅलीतलं (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं) इन्व्हॉइस कागदावर न येता पीडीएफ फाइल होऊन बसतं. रांगेत कामं अडकली असतील तर विंडोजमधली प्रिंट स्पूलर सर्व्हिस (छपाईची रांग सांभाळणारी) रीस्टार्ट करा. घोडबंदर रोडच्या टॉवरांत शेजाऱ्यांच्या वायफायचीच इतकी गर्दी असते की प्रिंटर टेबलाशेजारी असेल तर सरळ वायर लावलेली बरी.

बिल घेताना जीएसटी नोंदणी असेल तर स्वतःचा नंबर टाकून घ्या, प्रिंटरवरचा १८ टक्के कर क्रेडिटमध्ये धरता येतो. आणि भाड्याच्या घरात राहत असाल, अकरा महिन्यांनी सामान हलवायचं असेल, तर इंक टँक टेम्पोत आडवा टाकू देऊ नका. काही मॉडेलांना ट्रान्सपोर्ट लॉक असतं, ते लावा. नसेल तर झाकणं घट्ट करून मशीन टेबलावर असतं तसंच सरळ, मांडीवर धरून न्या.