बर्फाळ धावपट्टीवर लहान विमान सांभाळताना

मुंबईहून कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात वैमानिकाचे प्रशिक्षण घ्यायला जाणाऱ्या मुलामुलींना पावसाने भिजलेली धावपट्टी परिचयाची असते, पण गोठलेली धावपट्टी त्यांनी पाहिलेली नसते. सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलेले आजवरचे सर्वांत कमी तापमान, २२ जानेवारी १९६२ चे, ७.४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे बर्फाशी आपला संबंध येतच नाही. ओल्या धावपट्टीवर चाके पाण्यावर तरंगू लागली तरी वेग उतरताच त्यांची पकड परत येते. बर्फावर मात्र चालण्याच्या वेगानेही विमान घसरते आणि म्हणूनच तिथले बरेच अपघात टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, होतात.

उड्डाणापूर्वी धावपट्टीचा अहवाल नीट वाचावा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नोव्हेंबर २०२१ पासून लागू केलेल्या पद्धतीत धावपट्टीच्या प्रत्येक तृतीयांश भागाला ६ ते ० असा अंक मिळतो : ६ म्हणजे कोरडी, १ म्हणजे बर्फ आणि ० म्हणजे ओला बर्फ. शून्य अंशाच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो आणि तेव्हाच तो सर्वाधिक निसरडा असतो, त्यामुळे उन्हाने जरा ऊब आली म्हणून निश्चिंत होऊ नये. हा अंक धावपट्टीचा असतो. हँगरच्या (विमाने ठेवण्याच्या शेडच्या) सावलीतला एप्रन, म्हणजे विमाने उभी करण्याची जागा, स्वतः चालून पाहावा.

इंजिन सुरू करण्याआधी चाकांखालचा बर्फ काढावा किंवा वाळू टाकून घ्यावी. ब्रेक चाक थांबवतो, विमान नव्हे. थंड हवा दाट असल्याने आयडलवरही, म्हणजे इंजिन सर्वांत मंद फिरत असतानाही, पंखा (प्रोपेलर) अधिक जोराने ओढतो आणि अडकलेल्या चाकांसह विमान पुढे सरकू शकते. अशा वेळी पंख्याजवळ कोणी पाय घसरून पडले तर काय होईल, हे सांगायला नको. इंजिन चालू असताना चॉक (चाकांना लावलेले अडथळे) काढायला कोणालाही पाठवू नये.

टॅक्सी करताना वेग माणसाच्या चालीइतकाच ठेवावा, वळणाच्या बऱ्याच आधी थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा) कमी करावा आणि वळण मोठे घ्यावे. वारा उभ्या शेपटीला ढकलतो आणि विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवतो. कोरड्या जमिनीवर टायरची पकड त्याला रोखते, बर्फावर रोखणारे काहीच उरत नाही. सेस्ना १७२ या लहान प्रशिक्षण विमानाच्या पुस्तिकेतला १५ नॉट्स आडव्या वाऱ्याचा आकडा बर्फासाठी धरू नये, आपली मर्यादा त्याहून बरीच खाली ठेवावी. समोरून आडवा वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूचा एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर आणि मागून असेल तर खाली ठेवावा. विमान घसरू लागले तर थ्रॉटल बंद करून ब्रेक सोडावेत आणि रडरने (उभ्या शेपटीच्या हलत्या भागाने) नाक सरळ राखावे. बर्फाच्या ढिगाऱ्यावर आदळणे अटळच दिसले तर मिक्स्चर (इंधनाचे प्रमाण ठरवणारा दांडा) ओढून इंजिन थांबवावे, कारण फिरता पंखा आदळला की इंजिन उघडून तपासावे लागते.

रन-अपसाठी, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन जोरात फिरवून तपासण्यासाठी, वाळू टाकलेली किंवा कोरडी जागा शोधावी, समोर मोकळी जागा असावी आणि १७०० ते १८०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) डोळे केवळ उपकरणांवर खिळवून ठेवू नयेत. अशी जागा सापडत नसेल तर प्रशिक्षकाला तसे सांगून परतावे. भारतीय व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास आणि घरच्यांनी काढलेले कर्ज यांचे दडपण खरे असते. पण पंखा वाकला तर त्या कर्जात भरच पडते.

चिखलवजा बर्फातून गेल्यास चाकांवरची आवरणे तुंबतात आणि ब्रेक हवेत गोठतात, म्हणून हिवाळ्यात ती आवरणे काढून ठेवणे चांगले. उतरताना वेग नेमका ठेवून धावपट्टीच्या सुरुवातीलाच, नाक अगदी सरळ असताना चाके टेकवावीत, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे नियंत्रण) मागे ओढून धरावा आणि ब्रेक हलकेच लावून पाहावेत. वेग पुरता मंदावेपर्यंत धावपट्टीबाहेर वळू नये. उभे केल्यावर पार्किंग ब्रेक लावू नये, कारण तो रात्रीत गोठतो. चॉक लावून विमान बांधून ठेवावे.