एमबीएला ऑपरेशन्स घेतलंय? मग या चुका टाळा

आठवडाभर मी प्रॉडक्शन प्लॅनिंगचं काम करते आणि शनिवारी पुण्यातल्या एका कॉलेजात एमबीएच्या मुलांना ऑपरेशन्स, म्हणजे कामकाजाचं व्यवस्थापन, शिकवते. पेपर तपासताना, व्हायवा घेताना त्याच त्या चुका दिसतात. बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. सरासरी काढली की गणित सुटलं असं मुलांना वाटतं, आणि माल किंवा माणूस किती वेळ नुसता थांबून राहतो हे कुणी बघतच नाही.

१०० टक्के वापराचा हट्ट

‘ही प्रक्रिया सुधारा’ म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं: मशीन आणि माणसं एक मिनिटही रिकामी राहू देऊ नका. ऐकायला पटतं, पण एका ओपीडीचं गणित मांडून बघा. डॉक्टर एकच आहेत, एका पेशंटला सरासरी ६ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला १० जण होऊ शकतात. तासाला ८ जण येत असतील, तर येण्याच्या आणि तपासण्याच्या वेळा अगदी अनियमित धरल्या की रांगेत सरासरी २४ मिनिटं थांबावं लागतं. ९ जण यायला लागले की तीच वाट ५४ मिनिटांची होते. तासाला फक्त एक माणूस वाढला आणि वाट दुपटीहून जास्त झाली! सरासरी साडेनऊवर गेली, तर ११४ मिनिटं.

असं का होतं, हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या प्रकरणाकडे जाऊ नका. डॉक्टर रिकामे बसले ती पाच मिनिटं साठवून ठेवता येत नाहीत. एकदम चौघे आले की साचलेली रांग मात्र पुढच्या प्रत्येकाच्या वाट्याला येते. म्हणून उपाय दोनच: थोडी क्षमता हाताशी मोकळी ठेवा, नाहीतर चढउतार कमी करा. अपॉइंटमेंट देतात ती याच दुसऱ्या कारणासाठी. रांगेचं सूत्र डोक्यात शिरत नसेल तर एक्सेलमध्ये रँडम आकडे घेऊन शंभर पेशंटांची रांग स्वतः चालवून बघा. तासाभराचं काम आहे, पण नंतर पाठांतराची गरज उरत नाही.

ईओक्यूचं उत्तर दोन दशांशांपर्यंत

ईओक्यू म्हणजे एका वेळी किती माल मागवला तर ऑर्डर आणि साठवणूक मिळून खर्च सर्वात कमी येतो तो आकडा. हे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं आणि आजही प्रत्येक पेपरात असतं. वर्षाची मागणी १०,००० नग, एका ऑर्डरचा खर्च ५०० रुपये, एक नग वर्षभर ठेवायचा खर्च ५० रुपये. उत्तर येतं ४४७.२१. मुलं त्याखाली दोन रेघा मारून मोकळी होतात. आता सप्लायर म्हणाला, माल शंभरच्या पटीतच मिळेल, तर काय कराल? ५०० नग मागवले तर ऑर्डर आणि साठवणूक मिळून खर्च एक टक्कासुद्धा वाढत नाही. दीडपट मागवले तरी वाढ साधारण आठ टक्के. आलेख तळाशी इतका सपाट आहे की दशांशात वेळ घालवण्यात काहीच अर्थ नाही.

वेळ घालवायचा तो त्या ५०० रुपयांवर. हा आकडा आला कुठून, तो कमी करता येईल का? कारखान्यात ऑर्डर-खर्चाच्या जागी सेटअपचा, म्हणजे मशीन पुढच्या कामासाठी तयार करण्याचा खर्च बसतो. तो चौथ्या हिश्श्यावर आणला की लॉट, म्हणजे एका वेळी बनवायचे नग, निम्मा होतो. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी मशीनचा डाय (साचा) बदलण्याचा वेळ मिनिटांवर आणायचा ध्यास घेतला, त्यातून लहान लॉट परवडायला लागले. सूत्रातला आकडा दिलेला असतो म्हणून तो अढळ धरू नका. ऑपरेशन्सचं खरं काम तोच आकडा हलवण्याचं आहे.

मार्क जाण्याची नेहमीची ठिकाणं

सेफ्टी स्टॉकमध्ये (अडीअडचणीसाठी जास्तीचा साठा) रोजच्या मागणीच्या प्रमाण विचलनाला लीड टाइमने, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतच्या दिवसांनी, गुणतात. गुणायचं असतं लीड टाइमच्या वर्गमुळाने. विचलन २० आणि लीड टाइम ९ दिवस असेल तर ६० येतं, १८० नाही. ९५ टक्के सेवा पातळीसाठी त्याला १.६५ ने गुणलं की ९९ नग. तिप्पट साठा सुचवणारी उत्तरं मी दर वर्षी तपासते.

टॅक्ट टाइम आणि सायकल टाइमची सरमिसळही तशीच. टॅक्ट, म्हणजे दर किती वेळाने एक नग निघायला हवा, हे ग्राहकाच्या मागणीवरून ठरतं; सायकल टाइम, म्हणजे एका नगाला प्रत्यक्ष लागणारा वेळ, आपल्या मशीनवर घड्याळ लावून मोजतात. शिफ्टमध्ये ४५० मिनिटं हातात आणि मागणी २२५ नगांची, तर टॅक्ट दोन मिनिटं. मशीनला अडीच मिनिटं लागत असतील तर ओव्हरटाइम अटळ.

सॉफ्टवेअरची नावं म्हणजे टेक्नॉलॉजी नव्हे

रेझ्युमेवर एसएपी, पॉवर बीआय लिहायला हरकत नाही. पण बीओएममध्ये (वस्तूला लागणाऱ्या सुट्या भागांच्या यादीत) एका जोडणीला चार बोल्ट लिहिलेत आणि लाइनवर सहा लागतात, तर सिस्टीम दर महिन्याला इमानदारीने कमीच बोल्ट मागवणार. मग स्टोअरमधला माणूस स्वतःची वही ठेवतो, आणि तेव्हापासून कारखान्यात खरा हिशोब वहीत असतो. प्रोजेक्टसाठी डॅशबोर्ड बनवण्याआधी दहा वस्तू निवडा, सिस्टीममधला साठा आणि रॅकवरचा साठा स्वतः मोजून ताडून बघा. फरक दिसला की तुमचा प्रोजेक्ट तिथेच सापडला.

डबेवाल्यांवरचं प्रेझेंटेशन तर प्रत्येक बॅचमध्ये एक असतंच, आणि त्यात ‘सिक्स सिग्मा’ हा शब्दही. १८९० पासून चालत आलेल्या या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच ती नीट अभ्यासावी असं वाटतं. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाख संधींमागे ३.४ दोष. मग दोष कशाला म्हणायचं? डबा हरवला तर, चुकीच्या टेबलावर गेला तर, की वीस मिनिटं उशिरा पोचला तर? हे न ठरवता आकडा सांगू नका. त्यापेक्षा झाकणावरची खूण वाचायला शिका. कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला, एवढं सगळं रंग, अक्षरं आणि आकड्यांत बसवलेलं असतं.

इंटर्नशिप एसीत बसून काढणं

ही चूक मी स्वतः केली. भोसरीतल्या एका पार्ट्सच्या कारखान्यात पहिले तीन आठवडे मी ऑफिसात बसून रिपोर्टवरून रिपोर्ट बनवत होते. शेवटी शॉपफ्लोअरवरचे एक वयस्कर सुपरवायझर म्हणाले, “मॅडम, कागदात काय बघताय? एक ट्रॉली धरा आन् तिच्या मागं फिरा.”

मी एका ट्रॉलीच्या जॉबकार्डला लाल धागा बांधला आणि वही घेऊन वेळा टिपायला लागले. टर्निंग, मग थांबा. ड्रिलिंग, मग थांबा. हीट ट्रीटमेंटच्या दाराशी ती दोन दिवस तशीच उभी होती, वर धूळ बसली. ट्रॉली डिस्पॅचला पोचेपर्यंत नऊ दिवस गेले. त्यातल्या एका नगावर प्रत्यक्ष काम झालं होतं ३८ मिनिटं.

त्या संध्याकाळी मी लाइनवरचा अर्धवट माल मोजला. साधारण १,८०० नग निघाले, आणि रोज बाहेर पडत होते २००. भागाकार केला तर नऊ. लाइनवरच्या मालाला रोज बाहेर पडणाऱ्या मालाने भागलं की एका नगाला लागणारे दिवस मिळतात, हा जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम मी पहिल्या सेमिस्टरला पाठ केला होता. सुपरवायझरकाकांना वही दाखवली, तर त्यांनी हीट ट्रीटमेंटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हितं काय करायचं, सांगा.”