डिजिटल हॅम रेडिओ: सेटला दोष देण्याआधी या चुका टाळा

डीएमआर (हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा एक डिजिटल मोड) हँडसेट घेतला की पहिली चूक कोडप्लगमध्ये, म्हणजे सेटमध्ये भरायच्या चॅनेलच्या फाइलमध्ये होते. परदेशातून उतरवलेल्या फाइलमध्ये हॉटस्पॉट (सेटला इंटरनेटशी जोडणारी घरातली छोटी डबी) अनेकदा ४३८ मेगाहर्ट्झच्या वर असतो. आपल्याकडे हॅमना ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे आणि ४३५च्या पुढचा भाग उपग्रहांसाठी मोकळा सोडायचा असतो. त्यामुळे हॉटस्पॉट ४३४-४३५ मध्येच बसवा.

हिरवा दिवा लागतो, पण स्पीकर मुका? सिग्नल येतोय, कुलूप दुसरंच आहे. आधी कलर कोड (दोन्हीकडे सारखा लागणारा आकडा) जुळवा, मग रिपीटरचा (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्राचा) टाइमस्लॉट, म्हणजे एकाच चॅनेलवरच्या दोन आळीपाळीच्या वाटांपैकी एक, मग टॉकग्रुप, म्हणजे गप्पांच्या गटाचा क्रमांक. डिजिटल मॉनिटर (चॅनेलवरचं सगळं ऐकवणारी सोय) सुरू केल्यावर आवाज आला तर सेट ठणठणीत आहे, टॉकग्रुप किंवा स्लॉट तेवढा चुकलाय. आवाज येतो पण तुटक, रोबोटसारखा? मग हॉटस्पॉटच्या डॅशबोर्डवर बीईआर, म्हणजे चुकीच्या बिट्सचं प्रमाण बघा. चार-पाच टक्के दिसत असेल तर अँटेना बदलायची घाई नको. हॉटस्पॉटचा ऑफसेट, म्हणजे फ्रिक्वेन्सीतली बारीक दुरुस्ती, थोडा थोडा सरकवत बीईआर एक टक्क्याखाली आणा.

अ‍ॅनालॉगमध्ये खरखर वाढत जाते, कान आधीच सावध होतो. डिजिटलमध्ये शेवटपर्यंत आवाज स्वच्छ येतो आणि एकदम गायब होतो. मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगराआड गेलात की हेच होणार. तिथे पॉवर वाढवून बॅटरी संपवू नका, एक पाऊल सरका. या बँडला तरंगलांबी जेमतेम ७० सेंटीमीटर आहे, तेवढ्यानेही फरक पडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हॉटस्पॉटलाच रेडिओचं जाळं समजणं. २०१९च्या महापुरात सांगलीत कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. अशा वेळी घरची वीज आणि ब्रॉडबँड गेलं की हॉटस्पॉट म्हणजे नुसती डबी. आयर्विन पुलापासून मिरजेपर्यंत सिम्प्लेक्सवर, म्हणजे मध्ये काही नसताना थेट सेट ते सेट, कोण कोणाला ऐकू येतं, हे पावसाळ्याआधी तपासा. प्रत्येक सेटमध्ये एक अ‍ॅनालॉग एफएम चॅनेल ठेवाच.

आणि एकाच कंपनीच्या मोडमध्ये सगळे पैसे अडकवू नका. डी-स्टार, फ्यूजन आणि डीएमआर हे डिजिटल मोड एकमेकांशी थेट बोलत नाहीत. तिन्हींचा आवाज एकाच कंपनीच्या बंदिस्त कोडेकवर (आवाजाचे आकडे करणाऱ्या पद्धतीवर) चालतो. एम१७ हा मोड मात्र डेव्हिड रो यांच्या खुल्या कोडेक२वर उभा आहे. एचएफवर (लघुलहरींवर) फ्रीडीव्ही या संगणक प्रोग्रॅमचा राडे (RADE) मोड मशीन लर्निंगने आवाज बांधतो. संगणक आणि एसएसबी (एचएफवर बोलण्याची नेहमीची अॅनालॉग पद्धत) सेट असेल तर तो आजच ऐकून बघता येतो.