ओ. हेन्रीचं अवली कार्टं वर्गात आणताना

खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेतली पोरं घरात मराठी बोलतात, बाजारात कानडी आणि इंग्रजी फक्त तासापुरतं. अशा वर्गाला ओ. हेन्री या अमेरिकन लेखकाची ‘द रॅन्सम ऑफ रेड चीफ’ ही गोष्ट शिकवायची असेल तर पहिल्या दिवशी सिनेमा लावू नका. हसायचं कुठं हे पडदाच सांगून टाकतो, मग पुस्तक कोण उघडतंय?

गोष्ट १९०७ सालची, लेखनहक्क संपलेले, त्यामुळे राजरोस फुकट मिळते. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ‘व्हर्लिगिग्ज’ या संग्रहात वाचायला, लिब्रिव्हॉक्सवर ऐकायला.

शब्दार्थांनी सुरुवात केलीत तर तास बुडाला म्हणून समजा. गोष्ट सांगणारा सॅम भामटा आहे, पण जडजड शब्द पेरायची त्याला भारी हौस. ते सगळे पोरांना कळायलाच पाहिजेत असं नाही. त्यापेक्षा फळ्यावर हिशेब मांडा. सॅम आणि बिल यांच्याकडं भांडवल ६०० डॉलर. जमिनीच्या एका बनावट धंद्यासाठी आणखी २००० हवेत, म्हणून अलाबामातल्या समिट गावच्या एबेनेझर डॉर्सेट या पैसेवाल्याचं दहा वर्षांचं पोर ते पळवतात. पोर गुहेत मजेत. बिलच्या पाठीवर उकडलेला कढत बटाटा सोडतं, पहाटे छातीवर बसून चाकू परजतं. शेवटी बिलच काकुळतीला येऊन खंडणी १५०० वर आणायला लावतो.

इथं पुस्तक मिटायला सांगा. बापानं काय उत्तर दिलं असेल ते प्रत्येकानं मराठीत लिहायचं, गाव आपलं धरून. आमच्या वर्गात पैसे ठेवायची जागा असोग्याच्या देवळामागं ठरली आणि गुहा भीमगडच्या रानात. एका मुलीनं बापाच्या तोंडी घातलं होतं, ‘तीन दिवस त्याचं जेवणखाण केलात, उपकार झाले. अजून आठवडाभर ठेवून घ्या.’ मग ओ. हेन्रीचं उत्तर वाचा. तुम्हीच २५० रोख द्या, मी पोर ताब्यात घेतो. रात्रीचे या, शेजाऱ्यांनी बघितलं तर ते काय करतील याची जबाबदारी माझी नाही. “सर, बा लई बेरकी हाय की!” असं मागच्या बाकावरून आलं म्हणजे गोष्ट पोचली.

पोरगं ‘रेड चीफ’ नावाचा ‘रेड इंडियन’ सरदार बनून लोकांची डोकी सोलायच्या गोष्टी करतं, त्यावर दोन वाक्यं जरूर बोला. ते चित्र तिथल्या मूळ रहिवाशांचं नव्हे, गोऱ्यांनी त्यांच्याबद्दल रंगवलेलं आहे.

आता सिनेमा. माझी पहिली पसंती लिओनिद गायदाई यांना. या सोव्हिएत दिग्दर्शकानं १९६२ मध्ये ओ. हेन्रीच्या तीन कथांचा एक चित्रपट केला, त्यात ही शेवटची. भाषा रशियन, पण अडत नाही. अलेक्सेई स्मिर्नोव्हचा अवाढव्य बिल एवढ्याशा पोराचा घोडा होतो तेव्हा भाषांतर कशाला लागतंय! हॉलिवूडच्या ‘ओ. हेन्रीज फुल हाउस’मधला (१९५२) हॉवर्ड हॉक्स यांचा भाग मात्र थंड आहे. सुरुवातीला तो चित्रपटातून कापलाही गेला होता. मास्तरांनी एकट्यानं बघावा. जपानी ओझू यांचा ‘तोक्कान कोझो’ (१९२९) याच कल्पनेवरचा मूकपट. तो पूर्ण उरलेला नाही, पण उरलाय तेवढा वर्गासाठी सोन्यासारखा.

कारण मूकपटावर पोरांना बोलायला लावता येतं. गोष्टीत सगळं सॅमच्या तोंडून येतं, फटफजिती होत असतानाही त्याचा तोरा उतरत नाही. कॅमेऱ्याला हे जमत नाही, तो नुसतीच फजिती दाखवतो. म्हणून गायदाईंच्या तुकड्याचाही आवाज बंद करा, एकाला सॅम करून उभं करा आणि फुशारकीच्या सुरात सांगू द्या. बाकीच्यांनी विचारायचं, हे पुस्तकात होतं का?

तयार नोट्सच्या साइट्सवर ‘आयरनी’चे, म्हणजे उपरोधाचे, प्रकार पाठ करायला मिळतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी चालतील, त्याआधी नको.

क्लिप आणि लिब्रिव्हॉक्सची फाईल आधीच मोबाईलवर उतरवून ठेवा. पावसाळ्यात आमच्याकडं करंट कधी जाईल सांगता येत नाही. गेलाच तर ऑडिओ लावा आणि पोरांना ओळीवर बोट ठेवून ऐकू द्या.