शिडाच्या होडीला आउटबोर्ड घेताना आधी मोजायची टेप काढा
छोट्या शिडाच्या होडीसाठी आउटबोर्ड, म्हणजे मागच्या कडेला बाहेरून अडकवायची मोटर, घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा. मी म्हणतो, आधी शाफ्टची, म्हणजे मोटरपासून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, लांबी बघा. मोटर जिथे अडकते त्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, आणि मोजताना एकाला नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभं करा. लाटेत नाळ खाली गेली की मागची बाजू उचलली जाते, पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. 15 इंची शाफ्ट इथेच फसतो. 20 इंची बऱ्याच होड्यांना पुरतो. कड उंच असेल तर 25.

ताकदीचं म्हणाल, तर 20-22 फुटी होडीला 4 ते 6 हॉर्सपॉवर पुष्कळ. अशा होडीचा वेग पाण्यातल्या लांबीवर ठरतो, साधारण साडेपाच-सहा नॉट, म्हणजे ताशी दहा-अकरा किलोमीटर. त्यापुढचं इंजिन फक्त पेट्रोल पितं. त्याऐवजी कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर पुढे सरकणारा, पंखा मागा. समोरून वारा असताना तोच होडी रेटतो.

वजन मात्र कागदावर वाचून सोडू नका. 6 हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर 25 किलोच्या आसपास भरते. ओणवं होऊन, हात लांब करून एकदा उचलून बघा, तेही होडी डोलत असताना.